जास्वंद हाताबाहेर गेली तर

भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीतली एखादी जास्वंद जवळून पाहिलीत? पावसाळ्यात ती पार छपरापर्यंत चढते, पण पानांची दाटी सगळी शेंड्याला. आत हात घातला तर सुक्या काड्या लागतात, आणि पानांवर कापसाचं तूस. ऊन-वारा आत शिरत नाही, मग पिठ्या ढेकूण तिथेच बस्तान मांडतो.

जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणीला घाबरू नका. पाऊस ओसरला की धारदार सिकेटर घ्या, पाती स्पिरिटने पुसा. आधी वाळलेलं काढा, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्या. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. फारच माजलेलं झाड दोन-तीन हंगामांत खाली आणा. कुंती, तगर यांनाही हेच लागू. अनंताला मात्र बहर संपल्यावरच हात लावा.

कण्हेर छाटताना हातमोजे हवेतच. तिचा चीक विषारी असतो. छाटलेल्या फांद्या शेळीपुढे टाकू नका, चुलीतही घालू नका.