वृत्तपत्राचा निकाल आणि न्यायासनाचा निकाल

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठा गुन्हा घडला की त्याचे दोन निवाडे होतात. एक न्यायालयात, पुराव्यावर आणि सावकाश. दुसरा वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर, त्याच सायंकाळी. हा दुसरा निवाडा पहिल्यावर कसा परिणाम करतो, हे आपण जाणले पाहिजे. कारण आपली माणसे न्यायालयात कधी फिर्यादी म्हणून उभी राहतात, तर कधी आरोपी म्हणून.

नानावटी खटला पाहा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास गोळ्या घालून ठार केले. रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली. एकीकडे देशसेवक अधिकारी, दुसरीकडे विलासी आहुजा, असे चित्र आठवड्यामागून आठवडे रंगविले गेले. मृताला प्रत्युत्तर देता येत नव्हते. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने 'दोषी नाही' असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पुराव्याशी विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. उच्च न्यायालयाने १९६० साली खुनाबद्दल जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. तरीही १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. पद आणि प्रतिष्ठा असलेल्या आरोपीस वृत्तपत्रही वकिलासारखे लाभते, ते असे.

ज्यांच्यापाशी पद नाही, प्रतिष्ठा नाही, त्यांच्या वाट्यास काय येते? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील माता, कन्या आणि दोन पुत्र यांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे या घटनेस साजेशी जागा दिली नाही. जी वृत्ते आली त्यांतील काहींत मृत मातेच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडविले गेले. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले, तेव्हा कोठे या हत्याकांडाचा गाजावाजा झाला. तोवर तपासाचे पहिले, मोलाचे दिवस सरले होते. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरवून सहांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानला नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' का काढला, याचे उत्तर ८६ वर्षांनंतरच्या या मौनात आहे.

आपल्या भागातही पाहा. २० जून २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत सापडले. 'कर्जापायी सामूहिक आत्महत्या' असे मथळे झळकले. सावकारांची धरपकड झाली. आठवड्याच्या आतच पोलिसांनी विषप्रयोगाचा आरोप ठेवून खुनाबद्दल दोघांस अटक केली. २०१६ साली वाई येथे सहा खुनांच्या आरोपावरून धरलेल्या इसमास तर खटला उभा राहण्यापूर्वीच वृत्तवाहिन्यांनी 'डॉक्टर डेथ' हे नाव देऊन टाकले. पुढे न्यायालयाने काहीही ठरविले तरी असे नाव सहसा पुसले जात नाही.

याने खटला प्रत्यक्ष बिघडतो तो असा. आरोपीचे छायाचित्र आधीच छापले गेले, तर ओळखपरेडीचे मोल उरत नाही. 'पोलिसांपुढे कबुली' हा मथळा ठसठशीत दिसतो. पण तशी कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदाराने छायाचित्रकापुढे रागाच्या भरात जे सांगितले, ते उलटतपासणीत त्याच्याच विरुद्ध वापरता येते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले, की तपास चालू असताना वृत्तमाध्यमांनी खटला चालविणे हा न्यायदानातील हस्तक्षेप होय.

यास्तव आपल्यावर प्रसंग आला तर आधी पोलीस ठाणे गाठा, मग वार्ताहर. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्या आणि त्यात जातीय अत्याचाराचा उल्लेख व कलमे आली आहेत का, ते वाचून पाहा. खबर नोंदविण्यास नकार मिळाल्यास तीच लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ सालच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक कामाची सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितास आहे. या कायद्याखालील खटल्यांच्या कामकाजाचे चित्रमुद्रण व्हावे, असेही तेच कलम सांगते. आग्रह धरावयाचा तो या चित्रमुद्रणाचा.

वृत्तपत्र हे शस्त्र आहे, आपणासही ते हवे. दडपलेली फिर्याद उघड करण्यास त्याचा उपयोग अवश्य करा. परंतु आरोपी दुसऱ्या जातीचा आहे एवढ्यावरून त्यास दोषी ठरविण्यास करू नका. पुराव्यावाचून दोषी ठरविले जाणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण होय. वर्तमानपत्र हाती घेताना तिचे स्मरण असू द्या.

जय भीम!