व्याख्यान ऐकून बिघडलेला माणूस



काळाचौकीत कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर कंत्राटी कामगार यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही एका विनोदी प्रेमपटावर बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा यात पांडित्य कोणी शोधू नये.

चित्रपटाचे नाव 'ब्रह्मचारी', साल १९३८. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने तो काढला. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि नायकही तेच. या चित्रपटाचे नाव काढताच लोकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख. त्या पोशाखातल्या गाण्याची एवढी चर्चा झाली की बाकीचा चित्रपट तिच्याखाली बुडून गेला. अत्रे म्हटले की आपल्या वस्तीला संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आठवतात, १९५३ सालची 'श्यामची आई' आणि तिचे सुवर्णपदक आठवते. 'ब्रह्मचारी' मात्र एका गाण्यापुरता उरला. हा त्याच्यावर अन्याय आहे, असे आमचे मत आहे.

कथा साधी आहे. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण, सिनेमातल्या तारकांची चित्रे जमवणारा. एके दिवशी तो देशभक्त जटाशंकर यांचे व्याख्यान ऐकतो. देशसेवा आणि ब्रह्मचर्य! झाले. चित्रे फेकली जातात, व्यायाम सुरू होतो आणि स्वारी एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होते. ते आचार्य म्हणजे आपले दामूअण्णा मालवणकर. तेव्हा संस्था कशी असेल ते ओळखावे. मग किशोरी येते. मोकळी, धीट, आपल्याला काय हवे ते ठाऊक असलेली. व्रताचे पुढे काय होते, हे सांगायला नकोच.

दोन विरुद्ध स्वभाव एकमेकांकडे ओढले जातात, असे अशा चित्रपटांबद्दल म्हणतात. पण इथे विरोध औदुंबर आणि किशोरी यांच्यात नाहीच. विरोध आहे तो औदुंबर आणि त्याची शपथ यांच्यात. किशोरी फक्त तो उघडा पाडते. आणि ती शपथ त्याची स्वतःची तरी कुठे आहे? ती दुसऱ्याच्या व्याख्यानातून उचललेली आहे. म्हणूनच व्याख्यानमालेत हा विषय घेताना आम्हांस थोडी भीती वाटते.

भीतीचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही कंत्राटी कामगारांची सभा घेतली. घरादारावर पाणी सोडल्यावाचून लढा जिंकता येत नाही, असे आम्ही बोललो. एक चोविशीतला तरुण उठला आणि कायम झाल्याशिवाय लग्न करणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. टाळ्या पडल्या. पहिली टाळी आमची होती.

त्याचे लग्न ठरलेले होते. मुलगी त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. तो बोलका आणि तापट; ती अबोल, सगळ्यांची हजेरीकार्डे आणि पगाराच्या चिठ्ठ्या पिशवीत जपून ठेवणारी. ती कार्यालयात आली आणि म्हणाली, "दादा, कायम मलाही व्हायचंय. शपथ घेताना मला कुणी विचारलं का?"

आम्ही तिला थांबायला सांगितले. दुसरे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तिसऱ्या वर्षी तिचे लग्न दुसरीकडे झाले. जाताना ती पिशवी मात्र आमच्या हवाली करून गेली. खटला नऊ वर्षे चालला आणि आम्ही जिंकलो तो त्या पिशवीतल्या कागदांवर. तो तरुण कायम झाला. दर दिवाळीला भेटायला येतो, एकटाच.

श्रोतेहो, या गिरणगावाने ब्रह्मचारी पुष्कळ पाहिले. कोकणातून आणि देशावरून आलेले हजारो गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपले, खानावळीत जेवले. बायकापोरे गावी आणि संसार मनीऑर्डरीवर. त्यांनी कसली शपथ घेतली होती? पगार पुरत नव्हता, जागा मिळत नव्हती, एवढेच. पुढे १९८२ चा संप झाला आणि घरी बसलेल्या कामगारांची चूल कितीतरी ठिकाणी बायकांच्या कष्टांवर पेटली. आम्ही वक्ते मात्र त्या ताटातुटीला त्याग म्हणत आलो आणि नव्या पोरांना तोच धडा देत राहिलो. एकत्र राहता यावे म्हणून पगार मागायचा, आणि पगारासाठी एकत्र राहणे सोडा म्हणायचे! हा विनोद अत्र्यांच्या ध्यानी कधीच आला होता. आमच्या ध्यानी यायला नऊ वर्षे लागली.

लढा सोडा, असे आम्ही म्हणत नाही. त्याग ज्याचा त्याने करावा. दुसरीच्या वाट्याचा परस्पर करू नये, एवढेच म्हणतो. हल्ली आमच्या सभेत कोणी शपथ घ्यायला उठला की आम्ही त्याला आधी विचारतो, "घरी विचारलंस का?" सभा हसते, पोरगा खाली बसतो, आणि पुढच्या सभेला कधी कधी दोघे मिळून येतात.

'ब्रह्मचारी' कुठे पाहायला मिळाला तर जोडीने पाहा. गाण्यासाठी पाहा, हरकत नाही. पण जटाशंकरांचे व्याख्यान सुरू होईल तेव्हा जरा आमची आठवण काढा.