उत्तर आधी, रीडिंग मागाहून

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



‘ज्ञान आणि श्रद्धा’ असा विषय देताना संयोजकांना बहुधा चांगली जुंपलेली हवी असावी. त्यांची थोडी निराशा करणार आहे. श्रद्धेशी माझं भांडण नाही. गणितज्ञ रामानुजन म्हणत, की नामक्कलची नामगिरी देवी आपल्याला सूत्रं सुचवते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी त्यांच्याकडे सिद्धता तेवढ्या मागितल्या. सूत्र कुठून आलं हा ज्याचा त्याचा प्रश्न. ते खरं आहे का, हा सगळ्यांचा. माझी हरकत आहे ती चुकण्याची वाटच न ठेवणाऱ्या दाव्याला.

पुण्यात झालेली एक चाचणी सांगतो. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार शाळकरी मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० द्यायच्या आणि त्यानं एवढंच सांगायचं, की कुंडली हुशार मुलाची की मतिमंद. ४० पैकी २८ बरोबर आल्या तर तो यशस्वी. २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली. सर्वांत वरचा आकडा आला २४. निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले.

२४ म्हणजे ६० टक्के, फर्स्ट क्लास की, असं कुणीतरी म्हणणारच. पण हिशेब करून बघा. २७ माणसांना प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवायला लावलं आणि छापा-काट्यावर उत्तरं लिहायला सांगितली, तर त्यांतले तीन-चार जण निव्वळ नशिबानं २४ किंवा त्यापुढे जातील. इथे पोचला एकच. आणि नाण्याच्या भरवशावर २८ गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. रेघ तिथे का ओढली, ते आता लक्षात येईल. मला निकालापेक्षा ही रेघ महत्त्वाची वाटते. काय झालं तर आपण हरलो म्हणायचं, हे खेळाआधी ठरलेलं होतं.

हेच नारळीकर विश्वाच्या उत्पत्तीबाबत स्वतः मात्र अल्पमतात राहिले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोट मानत असताना त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वाला आरंभच नव्हता असं सांगणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू लढवली. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेलं, महास्फोटाचा अवशेष मानलं जाणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण प्रसिद्ध झालं आणि तो सिद्धांत अडचणीत आला. तरीही १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याचं सुधारित रूप मांडलं. ही श्रद्धाच नव्हे का, असं विद्यार्थी मला विचारतात. माझ्या मते पुरावा महास्फोटाच्या बाजूनं आहे. या बाबतीत नारळीकरांचं मला पटत नाही. पण कुठलं निरीक्षण आपल्या सिद्धांतावर उलटेल, हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. गणित सगळ्यांसमोर मांडलेलं होतं, म्हणून तर विरोधकांना त्याच्यावर तुटून पडता आलं. ज्योतिषात तुटून पडायला जागाच सापडत नाही. भाकीत फसलं की जन्मवेळ चुकलेली असते.

देशाची प्रगतीही चुकण्याला वाट ठेवूनच होते. २०१९ मध्ये इस्रोचा ‘विक्रम’ लँडर चंद्रावर आदळला. मग इस्रोनं काय काय बिघडू शकतं याचा विचार करून पुढचं यान घडवलं आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते उतरलं. संशोधनावर आपण राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही, हे रडगाणं तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मला पैशांहून जास्त काळजी वाटते ती मुलांच्या प्रयोगाच्या जर्नलची.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढतात. दोरीला गोळा टांगायचा, स्टॉपवॉच घेऊन २० आंदोलनांचा वेळ मोजायचा. पण मोजतंय कोण? गेल्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल शेजारी उघडं असतं. उत्तर ९.८ यायला हवं हे ठाऊक असतं, त्यावरून उलटा हिशेब करून रीडिंगं भरली जातात आणि सर सही करतात. यात मी मुलांना दोष देत नाही. ज्याचं उत्तर ९.६ येतं त्याचे गुण आपणच कापतो, आणि जुळवून आणणाऱ्याला शाबासकी देतो. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. विज्ञानाच्या तासालाच आपण त्याची पायमल्ली करवून घेतो, तीही थोड्याशा गुणांसाठी. यातलाच एखादा मुलगा उद्या पुलाच्या काँक्रीटचा चाचणी अहवाल लिहिणार आहे.

समोर बरेच शिक्षक बसलेले दिसतात. त्यांना हात जोडून एक सांगणं आहे. येत्या जूनपासून कुणाचं ९.६ आलं तर ते खोडायला लावू नका. त्याखाली चार ओळी लिहून घ्या: लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरली होती का, झोका फार मोठा दिला का, घड्याळ केव्हा दाबलं. आणि गुण द्यायचे ते त्या चार ओळींना द्या.