रांगेच्या शेवटी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



"तू आणि धावतेस?" हा प्रश्न सकाळपासून मला दहा जणांनी तरी विचारला. बरोबरच आहे, शाळेत धावण्याच्या शर्यतीत माझं नाव कधी पुकारलंच गेलं नाही. संगणकासमोर बसून पाठ धरली म्हणून पस्तिशीनंतर चालायला लागले आणि सोबत चांगली मिळाली म्हणून धावायला. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याहून लांब ती अल्ट्रामॅरेथॉन.

माझ्या पहिल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत मला अडतिसाव्या किलोमीटरला थांबवलं. वेळमर्यादा चार मिनिटांनी हुकली होती. मदत केंद्रावरच्या ताईंशी मी भांडले. त्यांनी शांतपणे माझा नंबर काढून घेतला आणि लिंबू सरबत पुढे केलं. मी ते घेतलं नाही.

पुढच्या वर्षी आयोजकांना माणसं कमी पडली, तेव्हा मी त्याच केंद्रावर उभी राहिले. पुढचे बारा किलोमीटर डोंगर, गाडी जाईल असा रस्ता नाही. उशिरा सोडलेला माणूस अंधारात अडकला, तर त्याला शोधायला चौघांना वर पाठवावं लागतं. शिवाय गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घटलं की माणूस गोंधळतो, आणि तरी "मी ठीक आहे" म्हणतो. हे सगळं त्या ताईंना माहीत होतं, मला नव्हतं.

त्या दिवशी एक मुलगा सहा मिनिटं उशिरा आला. हात जोडले त्याने. मी घड्याळाकडेच बघत राहिले; त्याच्याकडे पाहिलं असतं, तर सोडलं असतं. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून 'कॉम्रेड्स' नावाची सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत होते. तिथे बारा तास भरले की धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतात. पाठ का करायची, ते मला तेव्हा उमगलं.

संध्याकाळी त्या ताईंना फोन केला. माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "सरबत राहिलंय तुझं."

आता मी आयोजनातच जास्त असते. माझं आवडतं काम स्वीपरचं. म्हणजे सगळ्यांत शेवटच्या धावपटूच्या मागे चालायचं, आपल्यामागे कोणी राहिलं नाही ना, ते बघायचं. गेल्या खेपेला एका लंगडणाऱ्या काकांबरोबर तीन तास चालले. टाळ्या वाजवायला आमचेच चार स्वयंसेवक उरले होते. पण काका वेळेत पोहोचले.

सिंहगडाच्या सहलीत आमचे पी.टी.चे सर काठी घेऊन कायम रांगेच्या शेवटी असायचे. सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तुम्हाला भरभर चढता येत नाही असं आम्हाला वाटायचं.