कोकमाच्या बिया कचरा कशा?



आमसुलं करताना आपण कोकम फोडतो. साल एका बाजूला, बिया दुसऱ्या बाजूला. साल रसात-मिठात बुडवून वाळवली की तिला भाव येतो. बियांना म्हणायचं कचरा! कोकणातल्या आज्यांनी त्या कधी फेकल्या नाहीत. वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग गार झाला की मुठीत दाबून गोळा करायचा. म्हणून ते मुठेल. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना तेच.

आज तेच ‘कोकम बटर’ म्हणून क्रीममध्ये, लिपस्टिकमध्ये जातं. स्टिअरिक आणि ओलेइक या आम्लांमुळे ते एरवी घट्ट राहतं, अंगावर मात्र विरघळतं. आजीला नावं ठाऊक नव्हती, गुण ठाऊक होता.

मी ज्या गटात काम करते तिथल्या बाया मे महिन्यात, पावसाच्या आत, दिवसभर कोकम फोडतात. बोटांच्या चिरांना रस झोंबतो. मजुरी मिळते सालीच्या वजनावर. बिया व्यापारी ‘साफसफाई’ म्हणून फुकट नेतो. एकीनं मला विचारलं, “ताई, कचराच आहे तर पोती शिवून कशाला नेतो?”

यंदा बिया द्यायच्या नाहीत, असं गटात निघालंय. पण वाळवायला अंगण सगळ्यांकडे नाही. शिवाय ज्यांनी त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्या गप्प बसतात. त्यांना मागे टाकून ठराव करू नये, असं माझं मत आहे. त्यांची उचल कशी फेडायची, यावर आधी बोलू.