गोरोबाकाकांच्या गावची माती



तेरला गेलो की आपण काय करतो? तेरणेत पाय धुतो, गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवतो आणि प्रसाद घेऊन परत फिरतो. त्यात काही कमी नाही. पण ज्या मातीवर आपण उभे राहतो, तिच्याबद्दल आज आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत.

आपल्या नळदुर्गाला वाहत्या रस्त्याचं महत्त्व सांगायला नको. सोलापूर-हैदराबादची वाहतूक रात्रंदिवस दारावरून जाते. दोन हजार वर्षांपूर्वी तेर असंच होतं. तेव्हा त्याचं नाव तगर. त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात लिहिलंय, की भडोच बंदरापासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. अंतर दिवसांत मोजलंय बघा, आपण मुक्काम मोजतो तसंच! तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे.

तिकडच्या गोष्टी इकडेही आल्या. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई गावात निघाली. आम्हाला मात्र जास्त आवडतात ती मातीची पदकं. रोमच्या नाण्यावरचा मुखवटा मातीत उठवायचा, ओवायला भोक ठेवायचं, झालं गळ्यातलं! सोनं परवडेना म्हणून असेल, नाहीतर हौस असेल.

देवाधर्माचंही तसंच. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून गोलाकार आहे. ते मुळात बौद्धांचं चैत्यगृह असावं, असं अभ्यासक सांगतात. पुढं व्यापार आटला, पण माणसं यायची थांबली नाहीत. ज्ञानोबा-नामदेव तेरला काकांच्या घरी जमले आणि काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं, ही कथा तुम्हाला पाठच आहे.

आता मुद्द्याचं. तेरच्या पांढरीत पाऊस पडला की मणी, खापरं उघडी पडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं जमवून जपल्या, म्हणून तिथं आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे. तेव्हा वाटेत एखादा मणी हाती लागला, तर ‘काकांच्या गावची आठवण’ म्हणून कनवटीला लावू नका. कुठं सापडला ते सांगून संग्रहालयात द्या. जागा कळली नाही तर जाणकारालाही त्या मण्याचं काही सांगता येत नाही. आणि घराला लिंपायला पांढरी माती लागते हे खरं, पण त्या टेकाडाला कुदळ लावू नका, लावू देऊ नका.

येत्या खेपेला समाधीचं दर्शन झालं की तासभर संग्रहालयात जायचं. विणेकऱ्यांना आम्ही तसं सांगून ठेवलंय.