पोरींच्या चेंडूची वेगळी वही



धान घरात आलं, मंडया झाल्या. आता गावोगावी कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे, कुठे फुटबॉलचे सामने लागतील आणि दारोदारी पावतीबुक फिरेल. आपण पन्नास-शंभर रुपये देतो, पावती फळीवर ठेवतो आणि विसरून जातो. आज त्या वर्गणीबद्दल बोलू या. करोनाच्या काळात तिनं आम्हाला एक धडा शिकवला.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आश्रमशाळेतल्या पोरी पेट्या घेऊन घरी आल्या. आमच्या गावच्या बारा-तेरा पोरी तिथं फुटबॉल खेळायच्या. शाळेचा चेंडू शाळेतच राहिला. थोडे दिवस त्या आखरावर जुन्या चेंडूनं खेळल्या, मग तोही फुटला. पुढे मोह वेचणं, तेंदूपान, रोवणी. वर्ष तसंच गेलं.

चेंडू फुटला तर काय बिघडलं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण खेळ होता तोवर पोरी रोज सांजच्याला एकत्र यायच्या. कोणाच्या घरी काय चाललंय ते एकमेकींना कळायचं आणि त्यांच्याकडून आम्हाला. खेळ थांबला, आणि त्यातल्या दोघींची लग्नं ठरल्याचं आम्हाला एकदम हळदीलाच समजलं. एकीला तेव्हा सतरावं लागलं होतं. आम्ही काहीच करू शकलो नाही. ती गोष्ट अजून मनाला लागून आहे.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर चेंडू आणि बुटांसाठी आम्ही चार जणी मदत मागायला गेलो. समोरच्यानं तीन प्रश्न विचारले. मंडळाची नोंदणी आहे का? खातं कोणत्या बँकेत? मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे? तिन्हीचं उत्तर एकच, नाही. गावात वर्गणी तर दरवर्षी जमायची. पण ती कोणाच्या तरी खिशात राहायची आणि मंडप, भोंगे, बक्षिसांच्या ढाली यांत संपायची. कोणी चोरी केली नव्हती. वहीच नव्हती.

हे फक्त आपल्याच गावाचं दुखणं आहे का? जरा बाहेर पाहू.

आपल्याच राज्यात कोल्हापूरला फुटबॉलचं मोठं वेड आहे. तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी त्यांची नावं. पेठेतली माणसं, दुकानदार, जुने खेळाडू यांच्या आधारावर हे संघ उभे राहतात. 2020 च्या मार्चमध्ये देशभरचे सामने थांबले, तेव्हा तिथलं शाहू स्टेडियमही ओस पडलं. सामने नाहीत म्हणजे तिकीट नाही. दुकानं बंद म्हणजे देणगी नाही. लहान संघाचं असंच असतं. माणसं जमली तरच त्याची चूल पेटते.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही तेच झालं. तिथल्या सगळ्यात वरच्या गटाच्या सामन्यांना टीव्हीचे अफाट पैसे मिळतात. खालच्या गटांतले संघ मात्र मैदानावर येणाऱ्या लोकांच्या तिकिटांवर जगतात. लोकांना मैदानात येण्याची बंदी झाली आणि ते संघ कोरडे पडले. बरीच घासाघीस होऊन 2020 च्या डिसेंबरमध्ये वरच्या गटानं खालच्या दोन गटांतल्या 48 संघांसाठी 5 कोटी पौंडांची मदत ठरवली. आपल्या पैशात तेव्हाचे जवळपास 500 कोटी रुपये. हे पैसे परत करायचे नव्हते. त्यांच्या वरच्या गटातल्या, जास्त कमाईच्या संघांसाठी मात्र 20 कोटी पौंडांच्या बिनव्याजी कर्जाची सोय झाली.

हा फरक आपण बचत गटवाल्या बायांनी नीट समजून घ्यावा. ज्याची कमाई पुन्हा सुरू होणार त्याला कर्ज चालतं. ज्याच्याकडे कमाईच नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज म्हणजे नुसता बोजा.

आणखी एक पाहा. ही मदत ठरायच्या तीन महिने आधी, सप्टेंबरमध्ये, मॅकल्सफील्ड टाउन नावाचा 146 वर्षांचा क्लब न्यायालयाच्या आदेशानं बंद झाला. त्याचं दुखणं करोनाच्याही आधीचं होतं. खेळाडूंचे पगार आणि सरकारचा कर थकत गेला होता. संकट आलं की आधी तेच घर पडतं, ज्याच्या भिंतीला जुनी चीर आहे.

जगभरच्या फुटबॉलची संस्था फिफा. तिनं 2020 मध्ये आपल्या 211 सदस्य संघटनांना प्रत्येकी 10 लाख डॉलरची मदत जाहीर केली. त्यावर आणखी 5 लाख डॉलर दिले, ते फक्त बायांच्या फुटबॉलसाठी. वेगळे का दिले असतील? आपल्याला सांगायला नको. घरात एकच डबा असला की त्यातून आधी कोणाचं भागतं आणि पोरीच्या वाट्याला काय उरतं, हे आपण जन्मभर पाहत आलो. बायांचा वाटा वेगळा लिहिलेला असला तरच तो बायांना मिळतो.

तुमचा स्वतःचाच अनुभव आठवा. टाळेबंदीत एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने सरकारनं बायांच्या जनधन खात्यात 500 रुपये टाकले. जिचं खातं होतं तिला आले. जिचं नव्हतं, ती तितकीच गरीब असूनही तशीच राहिली. मदत नेहमी वहीच्या आणि खात्याच्या वाटेनं येते. ती वाट संकट येण्याआधी बनवावी लागते.

म्हणून आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

पहिलं, गटाच्या पैशाला हात लावायचा नाही. बचत, फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी, हे सगळं ज्या कामासाठी आहे त्याच कामाला. कर्ज काढून खेळ चालवायचा नाही. पोरींच्या खेळाची वही वेगळी.

दुसरं, थोडं पण दर महिन्याला. गावात दहा गट, गटात दहा बाया, म्हणजे शंभर जणी. एकीनं महिन्याला 5 रुपये दिले तर 500 होतात, वर्षाचे 6,000. त्यातला निम्मा पैसा चेंडू आणि गाडीभाड्याला, निम्मा राखून ठेवायचा. त्या राखीव पैशाला ढालीसाठी किंवा मंडपासाठी हात लागणार नाही.

तिसरं, नोंदणी. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात. नोंदणी जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय कार्यालयात होते. आमच्या सातांत पाच बाया आहेत. नोंदणी झाली की मंडळाच्या नावानं खातं निघतं, आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन उभं राहता येतं.

चौथं, ग्रामसभेत ठराव. ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता आणि बांबू विकतात, त्यांच्याकडे स्वतःचा पैसा येतो. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून ही वाट आपल्या जिल्ह्यात मोकळी झाली आहे. खेळासाठी रक्कम ठरली तर तिथंच म्हणायचं, यात पोरींचा वाटा निम्मा, आणि तो आकडा इतिवृत्तात लिहा. तोंडी नको.

पाचवं, पंचसूत्री. बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड, लेखे. यातलं कर्जाचं सोडलं तर बाकी सगळं खेळाच्या मंडळालाही लागू पडतं. दर महिन्याला बैठकीत वही मोठ्यानं वाचायची, आणि ती वाचेल पोरींमधलीच एक. चेंडू कितीला आला, गाडीला किती गेले, हे तिच्या तोंडून गावानं ऐकावं.

कोणी म्हणेल, रोगराईत माणसं जगवायची की चेंडू? आधी माणसं, त्यात वाद नाही. पण सांजच्याला आखरावर बारा पोरी जमतात, तेव्हा त्या एकमेकींवर नजर ठेवून असतात. एखादी दोन दिवस आली नाही तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. असा पहारा 6,000 रुपयांत कुठे मिळतो?

तर बायांनो, यंदा पावतीबुक दारात आलं की पैसे द्या, आणि दोन गोष्टी विचारा. मागच्या वर्षीची वही कुठे आहे? आणि त्यात पोरींचं पान कोणतं?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आमच्याही पोरी आता नव्या चेंडूनं खेळतात. त्या चेंडूची पावती वहीत चिकटवलेली आहे.